एकटीच का? – इनारीहून आई-बाबांना पत्र

इनारी, उत्तर फिनलंड
जुलैचा पहिला आठवडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रेंज जाते आणि तुमचे निम्मे प्रश्न अर्धवट राहतात, म्हणून आज विश्रांतीच्या दिवशी सविस्तर लिहीत आहे. दादा हे पत्र मोठ्या अक्षरांत छापून देईल.

हेलसिंकीहून सायकलने निघून लाहती, युवास्कुला आणि ओउलू या मार्गाने मी वर आले. रोव्हानिएमी ओलांडले की लगेच आर्क्टिक वृत्त लागते, तेही मागे पडले. आता ज्या गावात आहे, त्याच्या काठाला फिनलंडमधील तिसऱ्या क्रमांकाचा मोठा तलाव असून त्यात तीन हजारांहून अधिक बेटे आहेत. प्रकृती उत्तम आहे. गुडघ्याची तक्रार नाही. डासांची मात्र आहे, आणि ती इतकी की तंबूच्या बाहेर जेवायचे झाल्यास डोक्यावर जाळी घेऊन घास आत सरकवावा लागतो.

आई, रात्री झोपतेस कुठे, हा तुझा प्रश्न मी दर वेळी टाळते असे तुला वाटते. खरे म्हणजे इथे सध्या रात्रच नाही. सूर्य क्षितिजापर्यंत झुकतो आणि न मावळता पुन्हा वर चढतो, त्यामुळे डोळ्यांवर पट्टी बांधून झोपावे लागते. जागेचे म्हणशील तर फिनलंड, नॉर्वे या देशांत एक फार जुनी रीत आहे. जमीन कोणाच्याही मालकीची असो, घरांपासून आणि उभ्या पिकापासून दूर राहून, कशाचीही नासधूस न करता कोणालाही तिथून चालता येते आणि एखाद्या रात्रीपुरता तंबू ठोकता येतो. नॉर्वेने तर 1957 साली त्याचा कायदाच केला असून राहत्या घरापासून किमान दीडशे मीटर अंतर ठेवावे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शेकोटीचे नियम वेगळे आहेत. फिनलंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय ती पेटवता येत नाही आणि वणव्याचा इशारा असेल तर उघड्यावर मुळीच नाही.

त्याहून मला आवडल्या त्या इथल्या लाकडी पडव्या. तीन बाजूंनी बंद, समोरून उघडी, पुढे चूल आणि शेजारी फोडलेल्या सरपणाची खोली, अशी ही जागा जंगलात वाटेवर असते. तिला ना कुलूप ना भाडे. आपल्यानंतर येणाऱ्यासाठी बारीक ढलप्या काढून ठेवायच्या, एवढीच अपेक्षा असते. अशाच एका पडवीत पावसात भिजून पोहोचले तेव्हा कोणीतरी रचून ठेवलेल्या कोरड्या ढलप्यांवर मी भात शिजवला आणि तू बांधून दिलेले मेतकूट कालवून जेवले. त्या माणसाला मी पाहिलेही नाही. मी एकटी आहे असे तू म्हणतेस, तेव्हा मला अशा व्यवस्था आठवतात.

बाबा, फोटोंतली सगळी घरे एकाच वयाची का दिसतात, असे तुम्ही विचारले होते. तुमची नजर बरोबर आहे. 1944 च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनलंडचा हा उत्तर भाग, म्हणजे लॅपलंड, जाळत नेला. रोव्हानिएमी जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले आणि नंतर आल्व्हार आल्तो या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार ते नव्याने उभे राहिले. पुढे नॉर्वेच्या फिनमार्क प्रांतातही तेच घडले, त्यामुळे तिकडेही जुने घर क्वचितच दिसेल.

रस्त्याबद्दल काळजी नसावी. दक्षिणेत मोठ्या रस्त्यांना लागून बहुतेक ठिकाणी सायकलींची वेगळी वाट असते. उत्तरेत ती संपते, पण वाहनेही विरळ होतात. ओंडके वाहणाऱ्या लांबलचक ट्रकांपासून तेवढे जपावे लागते. रेनडिअर मात्र रस्त्याच्या मधोमध चालतात आणि भोंग्याला भीक घालत नाहीत. ते रानटी नाहीत, प्रत्येकाला मालक असतो आणि कानावरच्या कापखुणेवरून तो ओळखला जातो.

खरा कस लागतो तो एकसुरीपणामुळे. पाइन आणि स्प्रूसच्या जंगलातून तासन्‌तास सरळ रस्ता, वळण नाही, गाव नाही. अशा वेळी बाबांनी पाठ करून घेतलेले पावकी, निमकी आणि दिडकीचे पाढे मी मोठ्याने म्हणते. अडीचकीला अजून अडखळते.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते, आई: एकटीच का? सोबत यायला दोघी मैत्रिणी तयार होत्या. मीच नको म्हटले, कारण आजवर माझा प्रत्येक दिवस कोणाच्या तरी वेळेला बांधलेला होता, कधी ऑफिसच्या, कधी मुलांच्या शाळेच्या. तुझे तर लग्नानंतरचे सगळे प्रवास दुसऱ्यांच्या कार्यांना वेळेवर पोहोचण्यासाठीच झाले. इथे एखाद्या तलावापाशी मला दोन तास बसावेसे वाटले तर मी बसते आणि वारा पाठीशी असेल तर जेवण पुढे ढकलून चालवत राहते. ही मोकळीक मला एकदा अनुभवायची होती. कोणावर रुसून मी निघालेली नाही, हे आत्याला नक्की सांग.

पुढे नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या नॉर्डकापपर्यंत साडेतीनशेहून अधिक किलोमीटर उरले आहेत. ते टोक बेटावर आहे आणि तिथे जाण्यासाठी 1999 मध्ये समुद्राखालून जवळजवळ सात किलोमीटरचा बोगदा झाला. त्यातून सायकल नेता येते. बाबा, तुम्ही एस.टी. चालवलेल्या खंबाटकी घाटात आधी चढ आणि मग उतार असे. इथे उलट आहे, समुद्रसपाटीखाली 212 मीटर उतरायचे आणि मग तेवढेच अंधारात चढायचे. दिवे, परावर्तक जाकीट आणि गरम कपडे आहेत. गंमत म्हणजे 307 मीटर उंचीचा तो प्रसिद्ध कडा युरोपचे उत्तर टोक म्हणून मिरवतो, पण शेजारचीच जमिनीची एक सखल, जिभेसारखी पट्टी त्याच्याहून थोडी अधिक उत्तरेला गेलेली आहे. मी दोन्हीकडे जाणार आहे.

नॉर्वेत घड्याळ एक तास मागे जाते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तुमची झोप मोडू नये म्हणून फोन यापुढे माझ्या सकाळी सात वाजता, म्हणजे तुमच्या साडेदहाला करीन. एखाद्या दिवशी आला नाही तर रेंज नाही असे समजावे आणि दादाकडे विचारावे. माझे ठिकाण त्याच्या मोबाइलवर दिसते. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाअखेरीस संपतील, त्या त्यालाच आणायला सांगा.

तुमची,
मनू