बाई, तुम्ही आधी वेळ विचारली

बाई, नमस्कार.

फोनवर बोलायला गेलो की माझं नुसतं "थँक्यू बाई, बरं ठेवतो" एवढंच होतं, म्हणून लिहायला बसलोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आमच्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या बीड जिल्ह्यातल्या पट्ट्यातल्या चार मास्तरांनी आणि दोन-तीन साहेबांनी तरी हे वाचावं अशी इच्छा आहे. तुमचं नाव, शाळेचं नाव, गावाचं नाव काहीच टाकत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही हे एक, आणि उद्या वरून कुणीतरी तुम्हालाच विचारायचं की हे कुणाच्या परवानगीनं केलं.

मी तुमच्या वर्गातल्या आमच्या बारकीचा मोठा भाऊ. भोसरीत कंपनीत आहे. आईअण्णा ऊसतोडीला जातात, आधी आजोबाही जायचे. आमच्याकडं घराला कुलूप लावून माणसं निघतात तेव्हा शाळेचं पहिलं सत्र संपत आलेलं असतं, आणि परत येतात तेव्हा परीक्षा डोक्यावर असते नाहीतर होऊन गेलेली असते. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, कुणी दिवाळी करून निघतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत. आता शाळेचं वर्ष बघा. बालिका दिन 3 जानेवारीला, प्रजासत्ताक दिन 26 ला, मराठी भाषा गौरव दिन 27 फेब्रुवारीला, गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत, क्रीडा स्पर्धा थंडीत, सहल थंडीत. म्हणजे आईबापानं येऊन बघावं असं जे जे काही शाळेत होतं ते सगळं आईबाप कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असताना होतं. त्यांच्या वाट्याला येतो फक्त 15 ऑगस्ट.

मी स्वतः शाळेत होतो तेव्हा हे कुणाला दिसलंच नाही, किंवा दिसलं तरी तसंच राहू दिलं. नोटीस यायची, बोर्डावर लागायची, "पालकांनी सभेस उपस्थित राहावे." कुठल्या पालकांनी? निम्म्या घरात म्हातारी माणसं आणि पोरं एवढंच उरलेलं. आजीला वाचता येत नाही, ती बोर्डाजवळून शेळ्या घेऊन जायची. मग सभेला कुणी आलं नाही की दुसऱ्या दिवशी परिपाठाला आमचे एक सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "ज्यांचे आईबाप आले नाहीत ते उभे राहा." आम्ही उभं राहायचो. अर्धी शाळा उभी राहायची, आणि तरीही त्या माणसाला कधी वाटलं नाही की अर्धी शाळा उभी राहतीय तर आपलंच कायतरी चुकत असेल. वर अहवालात लिहायचं, पालक उदासीन आहेत. नंतर हाच शब्द मी पेपरमध्ये पण वाचला, भाषणात पण ऐकला. अहो, एक दिवस फड सोडला की खाडा पडतो, टोळी नेणारा मुकादम उचलीतून, म्हणजे आधी दिलेल्या पैशातून, कापतो, वर एसटीचं भाडं वेगळं. पोराचा डान्स बघायला यायचं तर तेवढं पदरचं घालून यावं लागतं. आणि याला म्हणायचं उदासीन.

अजून एक सांगतो, खोटं वाटेल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, त्यात पाऊण सदस्य पालक पाहिजेत आणि एकूणात निम्म्या बाया पाहिजेत. चांगली गोष्ट आहे. त्या हिशोबानं आमची आई एकदा समितीत होती. होती म्हणजे रजिस्टरमध्ये होती. निघायच्या आधी तिच्याकडून कोऱ्या पानांवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या आणि मग ती तिकडं मोळ्या वाहत असताना इकडं महिन्याच्या महिन्याला सभेला हजर होती, ठरावाला अनुमोदन पण देत होती. आईला हे नंतर कळलं तेव्हा ती हसली. मला नाही हसू आलं. त्या वेळचे ते मुख्याध्यापक बदलून गेले, सुखी राहोत.

तुम्ही आलात तेव्हा आम्हाला वाटलं आणखी एक बाई आल्या, दोन वर्षं काढतील आणि बीडजवळची शाळा घेतील. पहिला फरक आला तो व्हॉट्सअॅपवर. नोटीस टाइप करून टाकायच्या ऐवजी तुम्ही ती बोलून टाकायला लागलात. अण्णांना अक्षरं लावून लावून वाचता येतं, आईला तेवढंही नाही, पण कान तर आहेत ना. फडात पहाटे तीन-चारला उठायचं, भाकरी बडवायच्या, उजाडायच्या आत उसाला लागायचं, आणि मोळ्या बांधून झाल्यावर ट्रॅक्टर कधी येईल त्याला टाइम नाही, रात्री दहाला पण येतो. मोबाईल चार्जिंगला लावायचा तो पण त्याच ट्रॅक्टरवर. तुमचा आवाज यायचा, "घाईचं काही नाही, गाडी भरून झाली की निवांत ऐका," आणि मग शाळेत काय झालं, काय होणार आहे, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला, दीडशे-दीडशे मार्कांचे दोन पेपर असतात, पोरीचं गणित बरं आहे पण वाचताना ओळी सोडून पळती, असं सगळं. आई सांगते की कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, सगळे बसून ऐकायचे, ज्यांची पोरं आपल्या शाळेत नाहीत ते पण. शेजारच्या कोपीतली एक बाई तर म्हणायची, लाव गं तुमच्या शाळेच्या बातम्या.

पण मी पत्र लिहायला बसलो ते याच्यासाठी नाही. ते तुमच्या एका फोनसाठी.

भादव्यात, सोयाबीन काढणीला आलं होतं तेव्हा तुम्ही अण्णांना फोन केला. मी सुट्टीवर आलो होतो, समोरच बसलो होतो, स्पीकरवर होता फोन कारण अण्णांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तुम्ही विचारलं, टोळी कधी निघणार. अण्णांना वाटलं हजेरीसाठी विचारतात, पोरीला बरोबर नेणार का ते. ते लगेच म्हणाले, नाही नाही बाई, ती आजीपाशी राहणार, तोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह असतं तिथं जेवणार. तर तुम्ही म्हणालात, ते माहितीय हो, मी म्हणते या वर्षी गॅदरिंग तुम्ही जायच्या आधीच घेऊ, तर तुम्हाला कुठला दिवस जमेल, आणि सकाळी जमेल की संध्याकाळी?

अण्णा गप्प. मग म्हणाले, तुम्ही म्हणाल तेव्हा बाई.

आणि तुम्ही म्हणालात, "नाही, मी नाही म्हणणार. तुम्ही सांगा. तुमचं काम बघून सांगा."

बाई, मी अण्णांना लहानपणापासून बघतोय. मुकादमापुढं, तलाठ्यापुढं, कारखान्याच्या चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयपुढं, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं त्यांना वेळ सांगितली जाते आणि ते तिथं जाऊन उभे राहतात. कधी तिथं गेल्यावर कळतं की साहेब उद्या येणार, मग उद्या जाऊन उभे राहतात. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सरकारी नोकरीतल्या माणसानं विचारलं की तुम्हाला कधी जमेल. त्यांना उत्तरच देता येईना. म्हणाले, सांगतो विचारून, आणि फोन ठेवून तसेच बसून राहिले. मग आईला विचारलं. मग चप्पल घालून पाराकडं गेले आणि तिथं ज्यांची ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांना विचारायला लागले, कुणाचं सोयाबीन कधी निघतंय, कोण कुणाच्या रानात मजुरीला जाणार आहे, कुणाची गाडी कधी भरणार. रात्री परत आले तेव्हा चांगलेच तावात होते. दोन जणांबरोबर वाद पण घालून आले होते. शेवटी ठरलं, शनिवारी, दिवस मावळायच्या जरा आधी, म्हणजे रानातून येऊन हातपाय धुवून येता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला फोन लावला आणि अशा आवाजात सांगितलं की मला वाटलं हेच शिक्षणाधिकारी.

तेवढंच. एक फोन, दोन मिनिटं. तुम्हाला कदाचित आठवत पण नसेल, तुम्ही बाकीच्यांना पण असेच फोन केले असतील. पण मी सांगतो, बाकी जे तुम्ही केलं ते मोठं आहे, हे मात्र माझ्या आतपर्यंत गेलं आणि अजून तिथंच आहे.

गॅदरिंगचं काय सांगू, तुम्ही तर होतातच. मैदानात चिखल, म्हणून व्हरांड्यात स्टेज, साडीचा पडदा, स्पीकर कुणाच्या तरी डीजेवाल्या भाच्याचा. अण्णा सवयीनं चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसले ते तुम्ही त्यांना पुढं आणून बसवलं. आमची बारकी नाटकात एका वाक्याला अडकली आणि तेव्हा पडद्यामागून नाही, बायकांच्या घोळक्यातून आमच्या आईनं ते वाक्य मोठ्यानं सांगितलं! सगळे हसले. आईला कसं येत होतं, तर बारकी महिनाभर चुलीपाशी तेच घोकत होती ना. आमच्या वेळी आम्ही पण घोकायचो, पण ऐकायला शेळ्या.

तुम्ही दिलेला तो कागद आजीनं देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवलाय. पुढच्या सहा महिन्यांत काय काय होणार ते, तारखेपुढं चित्र काढून. वाचन प्रेरणा दिनापुढं पुस्तक, बालिका दिनापुढं दोन वेण्यांची पोरगी, 26 जानेवारीपुढं झेंडा, आनंद बाजारापुढं तराजू. कुणाला वाटेल पोरखेळ. पण आजी बोट ठेवून सांगते, आता हे झालं, आता हे येणार, त्या दिवशी गणवेश धुवून पाहिजे. आनंद बाजारात बारकी बोरं विकणार आहे म्हणे, भांडवल माझ्याकडून घेतलंय आणि परत कधी देणार ते बोलत नाही. शिवाय ज्यांना घरी कुणी नाही म्हणून पोरं बरोबर न्यावीच लागतात त्यांना तुम्ही शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत पोराला बसवून घ्यावं म्हणून दाखवायचं कार्ड, भरून हातात दिलं आणि तिकडच्या शाळेत जाऊन काय बोलायचं ते पण शिकवलं. यातलं काही मी डिटेलमध्ये लिहित नाही, ते तुमचं काम तुम्हाला माहीत.

एक मात्र कळत नाही मला. हे करायला काय लागलं? पैसे नाही लागले. जीआर नाही लागला. गॅदरिंग डिसेंबरातच घ्यायचं असं कुठं लिहिलंय, कुठंच नाही, पण इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही की कॅलेंडर उलटं धरलं तर माणसं येतात. आणि अशी माणसं असतात हो, आपण उगाच शिव्या देत बसतो. आईअण्णा मागच्या हंगामात होते तिथला एक किराणावाला टोळीतल्या सगळ्यांचे मोबाईल फुकट चार्ज करून द्यायचा, दुकानात पाटी नाही काही नाही, नुसता एक बोर्ड लावून ठेवला होता दहा पिनांचा. एसटीतला एक कंडक्टर आठवतो, आजीला पायरी चढायला वेळ लागतो म्हणून बेल न मारता थांबायचा आणि मागच्या लोकांची बोलणी खायचा. असले लोक दिसत नाहीत कारण ते फोटो टाकत नाहीत. फोटो टाकणारे वेगळे, ते वह्या वाटपाला येतात, एका वहीला सहा हात लावून उभे राहतात आणि त्या दिवशी पोरांचा एक तास बुडतो.

असो, मी भरकटलो. टोळी पोचली बाई. या वेळी कोपी रस्त्याच्या कडेला आहे, नेटवर्क बरं आहे असं अण्णा म्हणाले, पण दुपारी फोन लागत नाही, रात्री आठनंतर लागतो. पुढच्या पालकसभेचं काय असेल ते माझ्या नंबरवर टाकू नका, डायरेक्ट त्यांनाच टाका. मला टाकलं तर ते चिडतात. आणि फोनवरच्या सभेची वेळ ठरवायची असेल तर दोन दिवस आधी विचारा, कारण आता ते टोळीतल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय सांगणार नाहीत, आणि त्यात परत वाद होणार.

तुमचा,
बारकीचा भाऊ