आई-बाबांना, गीसनला जाण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर दोघंही नुसतं "बरं" म्हणालात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. करारावर मी सही केली आहे. १ ऑक्टोबरला जर्मनीत, गीसनच्या विद्यापीठात पीएचडीसाठी रुजू व्हायचंय. विषय, डोळ्यांनी बघितलेलं मेंदूला कसं कळतं हा. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण सही करून पाठवायची मुदत आणि बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच आठवड्यात आलं, तेव्हा विषय काढायला जीभ रेटली नाही.

बाबा, चांगली नोकरी सोडून पुन्हा शिकायला चाललेय असं मनात आणू नका. तिकडे पीएचडी ही नोकरीच असते. करार तीन वर्षांचा, राज्याच्या सरकारी वेतनश्रेणीतला. श्रेणी ई-१३, पण हुद्दा ६५ टक्क्यांचा, म्हणजे त्या श्रेणीच्या पूर्ण पगाराच्या ६५ टक्के. या विषयांत बहुतेकांना तेवढाच मिळतो. कर, आरोग्य विमा आणि पेन्शन कापून महिन्याला साधारण २००० युरो हातात येतील, त्यातले ४५०च्या आसपास खोलीला जातील. फी नाही. दर सहा महिन्यांनी थोडी वर्गणी भरायची, तिच्यातच प्रवासाचा पास येतो. वर्षाला ३० दिवस रजा आहे, त्यामुळे गणपती किंवा दिवाळी, दोन्हींतलं एक नक्की घरी.

बंगळुरूला का नाही, हे आई विचारणारच. भारतीय विज्ञान संस्थेत या विषयावर उत्तम काम चालतं आणि ३७,००० रुपयांच्या फेलोशिपमध्ये माझं भागलंही असतं. पण मला हवं ते नेमकं गीसनला आहे. वस्तू ओली की कोरडी, मऊ की कडक, हे हात न लावता नजरेला कसं कळतं, यावर तिथे बरीच वर्षं काम चाललंय. मानसशास्त्रवाले आणि कॉम्प्युटरवाले शेजारी शेजारी बसतात. आई, भाकरीचं पीठ झालं की नाही, हे तू परातीकडे बघून सांगतेस. ते कसं, याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडेच नाही.

बाबा, तुम्ही पाटीवर चार रेषा ओढायचात आणि मी "मनी!" म्हणून ओरडायचे. २०१९ साली जर्मनीतल्याच ट्यूबिंगेनच्या संशोधक मंडळींनी मांजराच्या आकारावर हत्तीची कातडी चढवून चित्रं केली. माणसं म्हणाली मांजर, फोटो ओळखण्यात तरबेज असलेली कॉम्प्युटरची जाळी (न्यूरल नेटवर्क, म्हणजे थरांवर थर रचून, चित्रं दाखवून शिकवलेले प्रोग्राम) म्हणाली हत्ती. माणूस आकार धरतो, यंत्र पोत धरतं. ऑफिसात कॅमेऱ्यांच्या कामात मी हेच वर्षानुवर्षं बघतेय: प्रकाश बदलला की प्रोग्राम चुकतो, आणि का चुकला ते सांगता येत नाही. ते "का" मला हवंय.

काम असं असेल. एक माणूस एमआरआयमध्ये तासभर पडून हजारभर चित्रं बघतो. मेंदूचे दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे धरून कुठे किती रक्त धावलं ते मोजायचं. हा इशारा चित्रानंतर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो, तेवढा उशीर हिशेबात धरावा लागतो. डोकं एक-दोन मिलिमीटर हललं तरी आकडे बिघडतात, आणि आत बरेच जण चक्क झोपतात, म्हणून मधूनमधून बटण दाबायला लावायचं. मग तीच चित्रं जाळ्याला दाखवायची आणि त्याच्या प्रत्येक थरावरून मेंदूचा प्रतिसाद आधीच सांगता येतो का ते बघायचं. ज्या चित्रांवर परीक्षा घ्यायची तीच शिकवताना वापरली तर निकाल खोटा चांगला येतो. इथे गफलत सहज होते.

आई, एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात. धोका लोखंडाचा, कारण चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. आत जाण्याआधी आजीची चमकी काढावी लागेल. मळसूत्राची आहे, सहज निघते. तिच्याच चांदीच्या डबीत ठेवीन, हरवणार नाही.

चिनूला हे वाचून दाखव, असा अर्ज करायचा झाला तर उपयोगी पडेल. जर्मनीत बहुतेक ठिकाणी आधी एमटेक किंवा एमएस्सी लागतं. जागा प्रयोगशाळांच्या स्वतःच्या पानांवर आणि विद्यापीठाच्या नोकऱ्यांच्या यादीत निघतात. पत्र अर्ध्या पानाचं लिही म्हणावं: त्यांचा कुठला लेख वाचला, त्यात काय अडलं, आपल्याला काय करून बघायचंय. सोबत चालणारा कोड, गुणपत्रिका आणि ओळखणाऱ्या दोघा-तिघांची नावं. एकच पत्र पन्नास ठिकाणी पाठवलं तर वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. संख्याशास्त्र कच्चं असेल तर आधी ते पक्कं कर, मेंदूचं शरीरशास्त्र नंतरही शिकता येतं.

माझ्या जेवणाची काळजी नको. तांदूळ आणि मसूर डाळ तुर्की दुकानांत मिळते. गोडा मसाला आणि मेतकूट दे, पण तूप, पेढे बांधू नकोस, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपात मनाई आहे. लोणी आणून मी तिथेच कढवीन. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असू. तुमच्याकडे रात्री नऊ म्हणजे माझ्याकडे दुपारचे साडेचार, तेव्हा रोज फोन.

आता बाबा, तुमच्याबद्दल, आणि इथे माझं ऐकायचं. मोतीबिंदू निघाला, पण काचबिंदूचे थेंब बंद करायचे नाहीत. "मला सगळं दिसतंय" हे कारण चालणार नाही. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठळक ठिपका द्या. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. तीसेक सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. तिथे भोक दिसणार नाही, कोरा कागदच दिसेल. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे बघणाऱ्या पेशीच नसतात, मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरतो. काचबिंदूत गेलेली जागाही तो अशीच भरतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मोतीबिंदू काढला की नजर परत येते, काचबिंदूने नेलेली येत नाही. थेंब आहे तेवढी राखतात.

हात धुवा, खालची पापणी ओढून एकच थेंब, डोळा अलगद मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, नाहीतर औषध घशात उतरतं. दुसरं औषध किमान पाच मिनिटांनी. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, महिन्यानंतर उरलं तरी टाकून द्या. आई, रात्रीचा थेंब तुझ्यासमोर झाला पाहिजे. ओरडते आहे असं वाटू देऊ नका, बाबा. तुमचे डोळे मला फार हवे आहेत.

मिरजेला फील्ड टेस्टची (नजरेचा कुठला भाग गेलाय ते तपासण्याची) तारीख मी जायच्या आधीची घेतली आहे, बरोबर मीच येईन. त्यानंतरची मार्चमध्ये, तेव्हा दादा नेईल, त्याच्याशी बोलले आहे. दोन्ही डोळ्यांचे कागद वेगवेगळे मिळतात. प्रत्येकाचा फोटो काढून त्याच दिवशी पाठवा.

तुमची,
मनू