सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही, पण तुम्ही ओळखाल. विट्याकडची, मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परराज्यात. पाचव्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट घेऊन तुमच्यापुढं बसले होते.

रिपोर्टात सिफिलिस निघाला होता, आपल्याकडं ज्याला गर्मी म्हणतात तो. मला ना काही दुखत होतं, ना खुपत होतं. तुम्ही दार लोटून घेतलंत आणि 'कुणामुळं झालं' हे विचारलंच नाहीत. आधी बाळाचं सांगितलंत. हा आजार वारेतून बाळापर्यंत पोचतो. उपचार नाही झाला तर बाळ पोटातच दगावू शकतं, जगलं तरी हाडं, डोळे, कान अधू राहू शकतात. माझा चेहरा बघून लगेच म्हणालात, "पेनिसिलीन वेळेत मिळालं की हे बहुतेक सगळं टळतं." त्याच आधारावर मी उठले.

दर आठवड्याला कमरेत इंजेक्शन, असे तीन आठवडे. फार ठणकायचं. सिस्टर रिअ‍ॅक्शन येते का बघायला बाकावर बसवून ठेवायच्या, तेव्हा तुम्ही येऊन पाठीवर हात ठेवायचात.

ह्यांच्याशी फोनवर तुम्हीच बोललात. त्यांना मागं एक जखम झाली होती, न दुखणारी. आपसूक भरली. जखम भरली तरी रोग अंगात राहतो, काही वर्षांनी हृदय, मेंदू, नजर धरू शकतो, आणि तुम्ही औषध घेतलं नाहीत तर बायकोला पुन्हा लागण होईल, हे तुम्ही त्यांना न रागावता सांगितलंत. ते तिथल्याच सरकारी दवाखान्यात गेले. घरात भांडणं झाली, ती आमची आम्ही निस्तरतोय. पण आधी औषध, मग भांडण, हा क्रम तुम्ही लावून दिलात. त्यामुळंच आज बाळ मांडीवर आहे, त्याचंही रक्त तपासून झालं, ठणठणीत आहे. तुमचे उपकार शब्दांत मावत नाहीत.

आता एक मागणं. माझ्या ओळखीतल्या एकीला पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि ती अंगावर काढतेय. मूल नाही म्हणून सासरी बोलणीही तीच खाते. क्लॅमिडिया, गोनोरिया हे संबंधातून लागणारे रोग आत राहिले तर गर्भनलिका बंद होऊ शकतात, नाहीतर गर्भ नळीतच राहून जिवावर बेतू शकतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. कित्येकींना तर काही त्रासच जाणवत नाही. हिला जाणवतोय, तरी गप्प आहे. मला बघवत नाही.

सोमवारी तिला घेऊन येते. सासूबाई बरोबर असतील. खोलीत मात्र तिला एकटीलाच घ्या.

तुमची,
विट्याकडची लेकुरवाळी