लिनक्सवर चित्रकारांसाठी पण सॉफ्टवेअर हवं

संपादक साहेब, नमस्कार,

मी डिजिटल चित्रं काढतो, कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि दर वेळी क्लायंट फोटोशॉपची फाईल पाठवतो तेव्हा माझी पंचाईत होते, कारण फोटोशॉप लिनक्सवर येतच नाही, क्लिप स्टुडिओ पेंटही नाही, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाईनमधून कसंतरी चालवायचं तर पेनचं प्रेशर कधी लागतं कधी नाही. लिनक्सवर चालणारं क्रिता हे चित्रकलेचं मोफत सॉफ्टवेअर खरंच छान आहे, ब्रश तर अप्रतिम, आणि त्यात छपाईसाठीचा सीएमवायके हा रंगांचा प्रकार पण आहे, मी रोज तेच वापरतो. पण फोटोशॉपच्या फाईलमधले स्मार्ट ऑब्जेक्ट (आत जपून ठेवलेलं मूळ चित्र), अॅडजस्टमेंट लेयर (रंग-उजेड बदलणारा वेगळा थर) नीट उघडले नाहीत की सगळं काम परत करायला लागतं. जिम्प या फोटो एडिटिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मूळ चित्राला धक्का न लावता फिल्टर मारायची सोय यायला 2025 उजाडलं, 3.0 या आवृत्तीत आली एकदाची.

लोक म्हणतात लिनक्सवर मार्केटच नाही. मग थ्रीडीसाठीचे माया, हुडिनी, व्हिडिओ एडिटिंगचं दाविंची रिझॉल्व्ह हे लिनक्सवर कसे काय आहेत? सिनेमांचे व्हीएफएक्स म्हणजे स्पेशल इफेक्ट करणारे मोठे स्टुडिओ लिनक्सवरच काम करतात म्हणून ना! म्हणजे अडचण तांत्रिक नाहीये, आमच्यासारख्या एकट्या चित्रकारांना कोणी मोजत नाही एवढंच. 2002 मध्ये लोकांनी 1 लाख युरो जमवून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी खुला करून घेतला, आज ते कुठे पोचलंय बघा. क्रिता पण देणग्यांवरच चालतं, तेव्हा जे वापरतात त्यांनी थोडे तरी पैसे द्यावेत, आणि कंपन्यांनी निदान आपल्या फाईल फॉरमॅटची माहिती तरी पूर्ण खुली करावी.

आपला,
एक चित्रकार वाचक