पुलाखालचा तळही मोजा: गोव्याच्या सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल पोलादी केबल गंजल्याने कोसळला. तेव्हापासून पुलांचा विषय निघाला की आपण गोंयकार गंज आणि भेगांवरच बोलतो. खांबांच्या पायथ्याशी नदी काय करते, हे मात्र बोलण्यात येत नाही.

खांबावर आदळलेले पाणी खाली वळते आणि भोवऱ्याने तळाची रेती उपसून नेते. ऐन पुरात हा खड्डा सर्वांत खोल असतो. पाणी ओसरताना त्यात सैल गाळ बसतो. पावसाळा सरल्यावर पाणबुड्या उतरवला तर त्याला तळ जवळपास सपाट दिसतो आणि अहवालात सगळे ठीक म्हणून नोंद होते. त्या गाळाचा पायाला भरवसा नसतो. पुढच्या पुरात तो आधी वाहून जातो. न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीकवरचा पूल एप्रिल १९८७ मध्ये पायाखालची जमीन खरवडली जाऊन पडला. १० माणसे गेली.

ही खरवड किती खोल जाईल हे काढायला आपल्याकडे आयआरसी ७८ (पुलांच्या पायासाठीची भारतीय संहिता) नुसार लेसीचे सूत्र वापरतात. दर मीटर रुंदीमागचा विसर्ग आणि तळाच्या मातीच्या कणाचा आकार यांवरून खरवडीची सरासरी खोली काढायची आणि खांबापाशी तिची दुप्पट धरायची. हे सूत्र मैदानी गाळाच्या कालव्यांवरून आले. खांब किती रुंद, गोल की चौकोनी, प्रवाहाला तिरका आहे का, हे ते विचारतच नाही. पुलाखालची खरवड मोजण्याची अमेरिकेची एचईसी-१८ पद्धत ते विचारते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत, असे माझे ठाम मत आहे.

त्यातही आपल्या नद्या भरती-ओहोटीच्या. मांडवी आणि जुवारीला कुंभारजुव्याचा कालवा जोडतो, म्हणून एकाच नदीच्या प्रवाहाचे गणिती मॉडेल करून भागत नाही. अमावास्येची ओहोटी आणि घाटातला पूर एकाच वेळी आले तर मुखाजवळ पाण्याचा वेग वाढतो. मॉडेलच्या समुद्राकडच्या टोकाला एकच ठरावीक पातळी न देता तासागणिक बदलणारी भरती-ओहोटी द्यावी लागते. रेती उपशाने तळ खाली गेला असेल, तर नदीपात्राचे जुने आडवे छेदही बाद धरावेत.

सार्वजनिक बांधकाम खात्याने पावसाळ्याआधी व नंतर तळाचे सर्वेक्षण करावे, महत्त्वाच्या खांबांवर ध्वनिलहरींनी पुरातही खोली नोंदवणारी सोनार यंत्रे बसवावीत, आणि तळ किती खाली गेला की पूल बंद करायचा, ते आधी ठरवून जाहीर करावे. सुरुवात जुवारीवरच्या बोरीच्या पुलापासून व्हावी. नवा पूल होईपर्यंत फोंडा-मडगाव वाहतुकीचा भार त्याच्यावरच आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, फोंडा