राजवाडा नव्हे, गढी

महोदय,

फ्रान्समधील जुन्या वास्तूंवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात नॉर्मंडीतील ‘मान्वार द आंगो’ ही वास्तू ‘पिढीजात उमरावाचा राजवाडा’ ठरवली आहे. हे दोन्ही शब्द दुरुस्त व्हावेत, म्हणून हे पत्र.

फ्रेंच भाषेत राजाच्या किंवा बड्या सरदाराच्या प्रासादाला ‘शातो’ म्हणतात. ‘मान्वार’ हे जमिनीच्या धन्याचे राहते घर. आपल्या देशमुखांच्या गढीशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. दिएप बंदराजवळच्या या गढीच्या चौकातला गोल, रंगीत विटांच्या नक्षीचा कबुतरखाना लेखात केवळ शोभेची वास्तू म्हणून आला, याची मला विशेष खंत वाटते. नॉर्मंडीत कबुतरखाना बांधणे हा जमीनदारीचा हक्क होता, धन्याची कबुतरे शेतकऱ्याने पेरलेले बी टिपत आणि त्याला ते मुकाट्याने सोसावे लागे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी, ऑगस्ट 1789 मध्ये, सरंजामी हक्क रद्द करणाऱ्या ठरावांत कबुतरखान्यांच्या हक्काला स्वतंत्र कलम द्यावे लागले, इतका तो लोकांना जाचत होता.

दुसरी गोष्ट मालकाची. झाँ आंगो हा दिएपचा जहाजमालक व्यापारी. त्याच्या जहाजांवरून दिएपचे दर्यावर्दी पार्मांतिए बंधू 1529 मध्ये सुमात्रापर्यंत गेले आणि दोघांनाही तिकडेच मृत्यू आला. याच सागरी व्यापाराच्या आणि लुटीच्या पैशातून आंगोने इटालियन धाटणीच्या कमानींची ही गढी उभारली, आणि पहिल्या फ्रान्सिस राजाच्या मर्जीमुळे त्याला दिएपचे अधिकारपद मिळाले. म्हणजे मान समुद्राने मिळवून दिला, वंशाने नव्हे. 1547 मध्ये राजा वारला, आंगोवर कर्जदारीची वेळ आली आणि 1551 मध्ये त्याचे निधन झाले. पुढे ही वास्तू दीर्घकाळ शेतघर म्हणून वापरात होती.

ठाणेकर म्हणून मला यातला आणखी एक धागा मोलाचा वाटतो. आंगोचे वैर पोर्तुगीजांशी होते आणि त्यांची जहाजे पकडण्याचा परवाना त्याने आपल्या राजाकडून मिळवला होता. त्याच सुमारास, 1534 च्या वसईच्या तहाने, वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि आमचे ठाणेही त्यांच्या अमलाखाली आले. त्यांनी 1730 मध्ये येथे बांधायला घेतलेला किल्ला मराठ्यांनी 1737 मध्ये जिंकला, आणि आज त्याच तटांच्या आत मध्यवर्ती कारागृह आहे. ज्या सत्तेशी आंगो अटलांटिकवर झगडत होता, तिच्याच खुणा आम्ही रोज येता-जाता पाहतो; मराठी वाचकाला या गढीची ओळख करून देताना हा संबंध सांगितला असता तर ती वास्तू इतकी परकी वाटली नसती.

लेखमालेच्या पुढील भागात ही दुरुस्ती छापावी आणि आंगोचा उल्लेख दर्यावर्दी व्यापारी असा करावा, ही नम्र विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे