दादाचं लायसन्स आणि चिनूचा ताबा

ति. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, दादावर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस आहे, आणि दुसरीकडे त्याच्या मुलाच्या, चिनूच्या ताब्यावरून वहिनीशी वाद आहे. तुमचा विचार असा की कोर्टाच्या पहिल्या तारखेलाच दंड भरून दादाला मोकळं करायचं, म्हणजे चिनूच्या ताब्याकडे नीट लक्ष देता येईल. कृपा करून एवढं करू नका. दादाची केस, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, ही नो पार्किंगच्या चलानासारखी पैसे भरून संपत नाही. ती तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीतच नाही. कोर्टात 'दंड भरतो' म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यातून कैद टळली तरी कलम २० उरतंच. त्यानुसार १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला कमीत कमी सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवणं कोर्टाला भाग आहे. हे दहा हजार भरताना कुणी सांगत नाही, आणि मग लोक निकालाची नक्कल हातात घेऊन विचारतात की आता हे काय.

ती नक्कल तिथेच थांबणार नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, वादाचा निर्णय करायला उपयोगी पडेल असं वाटलं तर ते न्यायालय कुठलाही कागद, अहवाल किंवा निवेदन बघू शकतं, पुराव्याच्या नेहमीच्या नियमांत तो कागद बसत नसला तरीही. म्हणजे आरटीओचा आदेश, फौजदारी कोर्टाचा रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद), व्हॉट्सॲपवरचे मेसेज, सगळं चिनूच्या केसमध्ये येऊ शकतं. म्हणून यापुढे या दोन केसेस वेगळ्या धरू नका. एकीकडे घाईत केलेली सही दुसरीकडे उत्तर मागते.

दादाने पिऊन गाडी चालवली असेल तर ते चूकच आहे, आणि त्यातून त्याला सोडवण्याची युक्ती मी सुचवत नाहीये. कागद बघितल्यावर वकिलांना कबुलीच योग्य वाटली तर तीही द्यावी. पण आधी कागद, मग निर्णय.

कागद कोणते, ते सांगते. ब्रेथ ॲनालायझरची छापील चिठ्ठी हवी. तिच्यावर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा असतो. मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. नुसता तोंडी आकडा सांगितला असेल तर चिठ्ठी मागायची. त्या यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली होती, तो दाखला वकील मागू शकतात. कलम १८५ खाली अटक केली असेल तर अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं (कलम २०२). त्यामुळे अटकेची वेळ आणि दवाखान्यातल्या नोंदीची वेळ शेजारी-शेजारी ठेवून बघा. रक्त घेतलं असेल तर नमुना कुणी घेतला, सील कसं केलं, प्रयोगशाळेत कधी पोचलं, हे सगळं लिहिलेलं असतं. पोलिसांच्या अहवालाच्या आणि जोडलेल्या कागदांच्या नकला आरोपीला विनामूल्य मिळतात. चिनू त्या वेळी गाडीत नव्हता, हेही कागदांवर स्पष्ट यायला हवं. पोलिसांच्या नोंदीत गाडीत कोण होतं ते लिहिलं नसेल तर दादाच्या उत्तरात ते लिहायला सांगा.

आता लायसन्स. ते पोलिसांनी कलम २०६ (४) खाली घेतलं असेल, आणि दादाकडे पोचपावती असेल. आई, तो तुला सांगतोय ना की 'पावती आहे, चालवायला हरकत नाही', ते खरं नाही. एरवी लायसन्स घेतलं तर मिळणारी पोचपावती दाखवून ठरावीक तारखेपर्यंत गाडी चालवता येते. पण १८५ सारख्या गुन्ह्यात घेतलेल्या लायसन्सच्या पावतीवर चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तसं स्पष्ट लिहिलंय. मोबाईलमध्ये डिजीलॉकरवर लायसन्स दिसतंय म्हणूनही चालवता येणार नाही.

लायसन्स तिथून आरटीओकडे जातं. कलम १९ प्रमाणे आरटीओला दादाचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, आणि त्यानंतर एकतर सोडून देता येतं किंवा लेखी कारणं देऊन अपात्र ठरवता येतं: पहिल्या वेळी तीन महिने, दुसऱ्या वेळी लायसन्स थेट रद्द. कोर्टाचे सहा महिने ही वेगळी गोष्ट, आरटीओचे हे तीन महिने वेगळी. सुनावणीची नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर येते, म्हणजे तुमच्याच घरी. ती परत पाठवू नका, आणि 'तो इथे राहत नाही' असं पोस्टमनला सांगू नका. नोटीस चुकली की एकतर्फी आदेश होतो, आणि आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करायचं असतं, ते दिवसही वाया जातात. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, पाकीट फेकू नका. सुनावणीला दादाने स्वतः जावं, लेखी म्हणणं दोन प्रतींत न्यावं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

मुदत संपली की लायसन्स आपोआप परत येत नाही. त्याआधी वाहनचालकांचा उजळणी प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो दादाने शेवटच्या आठवड्यावर न ठेवता आत्ताच करावा. त्याचं प्रमाणपत्र आरटीओला लागेलच, आणि चिनूच्या केसमध्येही ते त्याच्या बाजूचा एक चांगला कागद होईल.

तोवर गाडीची किल्ली तुमच्या कपाटात ठेवा. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. गाडी बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे ती त्याला चालवू दिली म्हणून मालकावर कलम १८० वेगळं लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून, म्हणजे बाबांकडून वसूल करू शकते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नको. आणि चिनूला शेजारी बसवून तर अजिबातच नको. ताब्याच्या केसमध्ये बापाने स्वतःच्या हाताने करता येईल असं याहून मोठं नुकसान मला सुचत नाही.

चिनूबद्दल. ताब्याच्या बाबतीत कायदा शेवटी एकच प्रश्न विचारतो की मुलाचं हित कशात आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम १३ मध्ये तेच सर्वांत वरचं मानलंय. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. चिनू सात वर्षांचा आहे, तरी तो आज वहिनीकडे आहे, त्याची शाळा तिकडे आहे, आणि चालू घडी मोडायला कोर्ट सहसा तयार होत नाही. म्हणून पहिल्याच अर्जात पूर्ण ताबा मागून हट्ट धरण्यापेक्षा भेटींची टप्प्याटप्प्याची मागणी करावी असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला न्यायालयाच्या बालसंकुलात (मुलांच्या भेटींसाठीच्या जागेत) दर शनिवारी दोन तास, दोन महिने ते नीट पार पडले की दिवसभर घरी, मग रात्रीचा मुक्काम, मग सुट्ट्यांचा अर्धा काळ. सोबत रोजचा व्हिडिओ कॉल मागावा. यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं की ताबा नसलेल्या पालकाला भेटींशिवाय फोन आणि व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलायला मिळालं पाहिजे, रोज पाच-दहा मिनिटं तरी.

१८५ ची एक केस झाली म्हणून बाप म्हणून असलेले हक्क जात नाहीत. पण ती केस कोर्ट बाजूलाही ठेवणार नाही. नील रतन कुंडू प्रकरणात (२००८) वडिलांवर पत्नीच्या मृत्यूसंबंधी फौजदारी खटला चालू होता. ताबा ठरवताना ते दुर्लक्षून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि मुलगा आईच्या आई-वडिलांकडे राहिला. आपलं प्रकरण त्याच्या जवळपासही जाणारं नाही, पण विचार करण्याची रीत तीच: या माणसाजवळ मूल सुरक्षित आहे का? एका रात्रीचा प्रसंग आणि रोजची सवय यांत कोर्ट फरक करतं. तो फरक दाखवायचं काम दादाचं आहे.

म्हणून त्याच्या प्रतिज्ञापत्रात काही गोष्टी त्यानेच आधी लिहाव्यात. केस दाखल आहे हे लपवू नये, तिचा क्रमांक आणि पुढची तारीख द्यावी. लायसन्स परत मिळेपर्यंत चिनूला स्वतः गाडीतून नेणार नाही, ने-आण आजोबा करतील, हे लिहावं. भेटीच्या आधी चोवीस तास आणि भेटीदरम्यान दारू घेणार नाही ही हमी द्यावी. आणि व्यसनमुक्ती तज्ज्ञांकडे जाऊन त्याचे केसपेपर जपून ठेवावेत. रक्ताच्या तपासण्यांची तयारी दाखवायची असेल तर एक लक्षात घ्या: जीजीटी हा आकडा यकृताच्या दुसऱ्या आजारांनी आणि काही औषधांनीही वाढतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही. सीडीटी ही तपासणी साधारण मागच्या दोन-तीन आठवड्यांतलं जास्त पिणं दाखवते. हमी द्यायची ती पाळता येणार असेल तरच. मोडलेली हमी न दिलेल्या हमीपेक्षा जास्त नुकसान करते, आणि दादाने खरोखर थांबावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, केस असो वा नसो.

खर्चाचे पैसे थांबवू नका. 'भेटू देत नाही तर पैसे कशाला' हा हिशेब कोर्टाला मान्य होत नाही. शाळेची फी आणि दरमहाची रक्कम बँकेतूनच जाऊ दे, रोख नको. आणि दादाचा फ्लॅट घाईने तुमच्या नावावर करू नका. पोटगीच्या अर्जात दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि ऐन वेळी केलेलं हस्तांतरण तिथे उघडं पडतं.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही (कलम १३), वकिलांना परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. तो पहिल्याच तारखेला द्या. समुपदेशकांसमोर दादाला स्वतःलाच बोलावं लागेल. तिथे वहिनीच्या तक्रारी मोजत बसण्यापेक्षा चिनूच्या शाळेबद्दल, झोपेबद्दल, त्याच्या दम्याच्या पंपाबद्दल त्याला काय माहीत आहे हे दिसलं पाहिजे.

आई, आता तुझ्यासाठी. चिनू भेटायला आला की त्याला 'आई तिकडे काय म्हणते' असं विचारू नकोस. त्याचा व्हिडिओ काढून 'मला बाबांकडे राहायचंय' असं वदवून घेऊ नका. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी स्वतः बोलू शकतात, आणि पढवलेलं बोलणं त्यांना ओळखू येतं. शाळेतून त्याला परस्पर आणायचं नाही, भेटीची वेळ संपल्यावर अर्धा तासही ठेवून घ्यायचं नाही. वहिनीच्या माहेरी फोन करून समजूत घालायचा प्रयत्नसुद्धा सध्या थांबव. तुझा हेतू चांगला असतो, पण एखादं वाक्य तोडून अर्जात येतं. त्यापेक्षा एक वही कर: भेटीची तारीख, वेळ, कोण घेऊन आलं, चिनूने काय खाल्लं, भेट रद्द झाली तर कुणी आणि काय कारणाने. भाष्य लिहायचं नाही.

बाबा, ने-आण तुमच्यावर असेल तर तुमचं लायसन्स आज काढून बघा. पंचावन्ननंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं, आणि मुदत संपल्यानंतरची जुनी तीस दिवसांची सवलत आता नाही. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. सोबत फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांचा दाखला लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. चिनूला गाडीत मागे बसवून बेल्ट लावायचा. चौदा वर्षांखालच्या मुलाला तो नसेल तर हजार रुपये दंड आहे. स्कूटरवर नेलंत तर हेल्मेट दोघांनाही हवं, चार वर्षांवरच्या मुलाला त्यातून सूट नाही. हेल्मेट नसलं तर हजार रुपयांच्या दंडाबरोबर तीन महिने अपात्रतेची तरतूद आहे. तुमचं लायसन्स गेलं की चिनूला आणायला कुणीच उरणार नाही, आणि कोर्टात दिलेला शब्दही मोडेल.

ताब्याचा आदेश विरोधात गेला तरी खचू नका. तो काळ्या दगडावरची रेघ नसतो. रोझी जेकब प्रकरणापासून (१९७३) सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं हेच आहे की मुलाच्या बदलत्या गरजेप्रमाणे असे आदेश बदलता येतात. सहा महिन्यांच्या भेटी वेळेवर झाल्या, अभ्यासक्रम पूर्ण झाला, दवाखान्याचे केसपेपर सलग असले, तर नवा अर्ज करता येतो.

या आठवड्यात एवढंच करा: ब्रेथ ॲनालायझरची चिठ्ठी आणि पोचपावती यांचे दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा, आणि वकिलांना सांगा की फौजदारी केसमध्ये कबुली देण्याआधी कौटुंबिक न्यायालयातल्या वकिलांशी बोलून घ्या.

तुमची,
शुभा